मुंढ्यावरची पाच इंचांची खूण

माझा उजवा हात आता थरथरतो. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं सगळं नीट कळेल. डॉक्टर म्हणाले, काळजीचं काही नाही, वयानं होतं, चहाचा कप अर्धाच भरत जा. कपाचं जमलं. पण मी तीस वर्षं घरी ब्लाउज शिवणाचा क्लास घेतला, आणि कटिंगमधली रेघ काही अर्धी काढून चालत नाही.

मी स्वतः कुठल्या क्लासला गेले नव्हते बरं का. लग्नाआधी आईचा एक जुना ब्लाउज गुपचूप उसवला, तुकडे वर्तमानपत्रावर पसरले, कडेनं पेन्सिल फिरवली आणि परत शिवून ठेवला. आईनं तो घातला आणि दोन मिनिटांत माझ्यासमोर येऊन उभी राहिली. म्हणाली, "उजवी बाही डावीकडे लावलीस, गाढवे." तेव्हापासून बाही जोडण्याच्या बाबतीत मी फार कडक. माझ्या क्लासमध्ये एकच नियम होता. मुंढ्यावर, म्हणजे बाही जिथे जोडतात त्या गोलाईवर, एक खूण. बाहीच्या गोलाईवर दुसरी खूण. आधी खुणेला खूण जोडायची, मग बाकीचं शिवायचं. खुणेशी वाद घालायचा नाही. कापड काय म्हणतंय, मशीन काय म्हणतंय, ऐकायचं नाही. खूण म्हणेल तसं.

ह्या सगळ्याचे ड्राफ्ट, म्हणजे कापायच्या मापांचे आराखडे, माझ्याकडे खाकी कागदांवर होते. अठ्ठावीस छातीपासून चव्वेचाळीसपर्यंत. कपाटामागे गुंडाळी करून ठेवलेले, घड्यांवर चिकटपट्ट्या लावलेले, काहींवर तीन तीन वेळा दुरुस्त केलेल्या रेघा. कुठली रेघ खरी ते फक्त मला माहीत.

गेल्या वर्षी उन्हाळ्यात माझी एक जुनी विद्यार्थिनी आली. ती धायरीला असते. तिथे तिनं सहा मशीनं टाकलीत. शिवणाऱ्या बायका बहुतेक यवतमाळ-अमरावतीकडच्या, नवरे इकडे कारखान्यांत आले म्हणून आलेल्या. आम्ही विश्रांतवाडीला. धायरीहून विश्रांतवाडीला येणं म्हणजे दोन बस, मधे एक रिक्षा, आणि वाटेत आपण पुण्यातच आहोत ना अशी शंका. तरी आली, कलिंगड घेऊन आली.

"बाई," ती म्हणाली, "तुमच्या मापाचा ब्लाउज अंगात बसतो तसा दुसऱ्या कुणाचा बसत नाही. मला सगळ्या साइजचे ड्राफ्ट नव्यानं करून द्या. नवरात्राच्या आधी. तेव्हा ऑर्डरी सुरू होतात."

"देते की," मी म्हटलं.

"हाताचं..."

"हाताचं मी बघते."

मग ती फार हळू म्हणाली, "नाहीच जमलं तर मी बाजारातले तयार पॅटर्न घेईन बाई. तुम्ही त्रास नका करून घेऊ."

ती प्रेमानंच म्हणाली होती. पण ती गेल्यावर कलिंगड कापताना मला ते वाक्य परत परत ऐकू यायला लागलं. तयार पॅटर्न आले की माझी ती गुंडाळी रद्दीत. आणि गुंडाळीबरोबर मी.

दुसऱ्या दिवशी टेबलावर कागद पसरला आणि छत्तीसचा मुंढा काढायला घेतला. झाला कात्रजचा घाट. खोडला, परत काढला, तर आणखी दोन वळणं वाढली. आमचे हे पलीकडे पेपर वाचत होते. सरकारी कचेरीत पस्तीस वर्षं काढून निवृत्त झालेला माणूस. पेपर खाली न घेता म्हणाले, "रस्ता चांगला आहे. टोल नाका कुठे ठेवणार?"

मी पेन्सिल आपटली आणि स्वयंपाकघरात निघून गेले.

आमची नात आमच्याकडेच राहते, डिझाइनच्या कॉलेजला आहे. तिनं तो कागद पाहिला आणि म्हणाली, "आजी, लॅपटॉपवर काढ ना. लाइन तू नाही ड्रॉ करायची. तू फक्त पॉइंट्स द्यायचे, मधला कर्व्ह सॉफ्टवेअर काढतं. एकदम स्मूद."

"फुकट आहे का?"

"टोटली फुकट. जगभरातले लोक मिळून बनवतात, हौस म्हणून."

हौस म्हणून, हे ऐकल्यावर मला विश्वास वाटला. मीही क्लास हौसेनंच सुरू केला होता.

दोन महिने लागले. व्हिडिओ बघत, वहीत लिहून घेत शिकले. ह्या सॉफ्टवेअरमधली रेघ म्हणजे शाईची रेघ नव्हे, ती गणितानं धरलेली असते. कितीही मोठी करा, कड फाटत नाही. रेघेला जिथे जिथे पकडायचं तिथे एक बारीकसा चौकोन असतो, त्याला नोड म्हणतात. मी त्याला टाचणी म्हणते. दोन टाचण्या लावल्या की मधे रेघ ताणली जाते, टाचणीला दोन कान असतात ते ओढले की रेघ वाकते. हात थरथरला तरी टाचणी थरथरत नाही. पहिला मुंढा जेव्हा काढला तेव्हा मी नातीला, ह्यांना आणि भांडी घासायला येणाऱ्या बाईंना, तिघांना बोलावून दाखवला. असा गोल, असा मऊ, चाळिशीतही माझ्या हातून आला नव्हता.

आणि मग खुणेपाशी गाडी अडली.

मुंढ्यावर खांद्यापासून पाच इंचांवर खूण हवी. त्या जागी एक टाचणी लागली की पुढचं सोपं होतं. पण टाचणी लावायची कशी? एक तर रेघेवर माऊसनं दोनदा टिचकी मारायची. माझा हात टिचकी मारायला जाईपर्यंत पाचावरून साडेपाचावर पोचायचा. किंवा एक बटण होतं, ते दाबलं की रेघेच्या बरोबर मध्यावर टाचणी बसते. मी म्हटलं, चला, मध्य तरी मिळतोय, मध्यापासून हिशेब करू. बटण दाबलं, प्रिंट काढला, आणि सवयीनं दोरा लावून पाहिला.

गोलाई मोजायची माझी ही पद्धत. काजं करायचा जाड दोरा घ्यायचा, रेघेवर बोटाबोटानं बसवत जायचा, मग उचलून टेपला लावायचा. हात थरथरतो तेव्हा वेळ लागतो, पण दोरा खोटं बोलत नाही. आठ इंचांची गोलाई. मधली टाचणी चारावर हवी. वरचा तुकडा भरला साडेचार, खालचा साडेतीन.

परत लावला. परत साडेचार, साडेतीन.

नातीला बोलावलं. तिनं बघितलं, डोकं खाजवलं, काहीतरी वाचलं आणि म्हणाली, "आजी, हे ऑफिशियली मिडपॉइंट आहे, पण गणितातला. एका बाजूचा कान जास्त ओढलेला असला की लांबीचा मध्य वेगळा येतो."

"म्हणजे अर्धं हे अर्धं नाही?"

"कर्व्हवर नाही."

"मग त्याला अर्धं कशाला म्हणायचं?"

"तू त्यांना लिही ना. ह्याला फीचर रिक्वेस्ट म्हणतात. कुणीही करू शकतं."

हे शब्द आमच्या ह्यांच्या कानावर पडले मात्र, पेपर खाली आला. विनंती, मागणी, सोय मिळणे, ह्या गोष्टींवर त्यांची सगळी नोकरी झालेली. कपाटातून रेघांचा कागद काढला, चष्मा पुसला आणि मला म्हणाले, "सांग."

मी सांगत गेले, ते लिहीत गेले. "विषय : रेघेवर अंतर मोजून नोड बसवण्याची सोय मिळणेबाबत. महोदय, वरील विषयास अनुसरून सविनय कळविण्यात येते की, आपल्या सॉफ्टवेअरमध्ये वक्र रेघेचा मध्य बरोबर येत नाही, सबब..."

"सबब कशाला?"

"सबबशिवाय अर्ज पुढे सरकत नाही." पुढे त्यांनी लिहिलं, "अर्जदार ज्येष्ठ नागरिक असून..."

"ते खोडा. मी सवलत मागत नाहीये, हत्यार मागतेय."

खोडलं. मग मी नीट सांगितलं. रेघ निवडायची. एका चौकटीत आकडा लिहायचा, पाच इंच. बटण दाबायचं. खांद्यापासून, रेघेवरून मोजत पाच इंचांवर टाचणी बसायला हवी. आकड्याच्या पुढे सूतही लिहिता यावं, कारण बाहीवर हीच खूण दोन सूत जास्त घ्यावी लागते. शेवटी ह्यांनी लिहिलं, "सोबत : दोऱ्याचे छायाचित्र, एक." प्रिंटवर दोरा ठेवून, शेजारी टेप ठेवून मी फोटो काढला होता. तीन फोटो हलले, चौथा बरा आला.

नातीनं डोक्याला हात लावला. "आजोबा, फोरमवर असं नाही लिहीत कुणी!" पण भाषांतर तिनं जसंच्या तसं केलं, सबबसकट. म्हणाली, ह्याच्यात गंमत आहे, राहू दे.

उत्तर दोन दिवसांनी दुपारी आलं. लिहिणारा कोण, कुठला, ठाऊक नाही. टोपणनाव होतं आणि फोटोच्या जागी एक मांजर. म्हणून मी त्याला मांजरवाला म्हणते. त्यानं लिहिलं होतं, खांद्याच्या बिंदूवर पाच इंचांचं वर्तुळ काढा, ते रेघेला जिथे छेदेल तिथे नोड घ्या.

मी लगेच सांगितलं, "लिही. वर्तुळानं मिळतं ते सरळ अंतर. अंगाला पट्टी लागत नाही, टेप लागते."

नातीनं तेही जसंच्या तसं पाठवलं. त्यावर आणखी दोघातिघांनी पसंतीचे अंगठे दाखवले. मांजरवाल्यानं विचारलं, सूत म्हणजे काय? मी कळवलं, इंचाचा आठवा भाग, सुताराचं आणि आमचं एकच माप. त्यानं उलट लिहिलं, दोऱ्याचा फोटो मी चार वेळा पाहिला, तुमचं बरोबर आहे, मी करून बघतो.

मी करून बघतो! कुठे बसलाय कोण जाणे, आणि माझ्या मुंढ्यासाठी करून बघतो म्हणतो. त्या दिवशी मी शिरा केला.

गणपती बसले आणि उठले, आणि मग एके दुपारी त्यानं एक छोटी फाइल पाठवली. सॉफ्टवेअरमध्ये घालून वापरून बघा म्हणाला. नातीनं घातली. एक लहानशी चौकट उघडली. त्यात मी पाच लिहिलं, बाहीची रेघ निवडली, बटण दाबलं. टाचणी बसली. प्रिंट काढला, दोरा लावला, पाच म्हणजे पाच. दोन सूत वाढवले, वाढले. मी चौकटीला हात जोडले. मग उत्साहाच्या भरात सगळ्या बाह्या, सगळे मुंढे, पुढचे आणि पाठीचे, एका बैठकीत उरकले आणि छत्तीसचा ड्राफ्ट धायरीला पाठवून दिला. दोरा फक्त बाहीवर लावला होता. मुंढ्यावर नाही लावला. इथे चुकलं.

नवरात्राला आठ दिवस होते. विद्यार्थिनीचा फोन आला.

"बाई, ही फुग्याची बाही आहे का?"

"कसला फुगा? साधी बाही आहे."

"इथे तर फुगा आलाय. खांद्यावर फुगा आणि काखेत इतकं ताणलंय की हात वर होत नाही. फोटो पाठवते."

फोटो आला. स्वस्तातल्या मांजरपाटाचा नमुना शिवला होता, नशीब. खांद्यावर बारीक बारीक चुण्या घालून इतक्या सुबकपणे फुगा बसवला होता की मलाही क्षणभर आवडला. काखेत मात्र कापड रडत होतं.

"अगं, शिवणारीला दिसलं नाही का?"

तिनं फोन त्या बाईकडेच दिला. नवीनच आलेली, वणीकडची. घाबरत बोलली, "खुणेले खूण लावली जी बाई मी. वरतं कापड उरत होतं तं चुण्या घातल्या. ताई म्हणते का, खुणेशी भांडाचं नाही."

माझाच नियम, माझ्याच शिष्येनं शिकवलेला, आणि ह्या नव्या बाईनं शब्दशः पाळलेला. तीस वर्षांत मला इतकी चांगली विद्यार्थिनी मिळाली नव्हती. मी म्हटलं, "तुझं काही चुकलं नाही बाळा. चुण्या छान घातल्यास."

विद्यार्थिनीनं फोन परत घेतला. म्हणाली, "बाई, परवापर्यंत बघते. नाहीतर..." नाहीतरच्या पुढचं मला ठाऊक होतं.

मग दोरा काढला आणि मुंढ्यावर लावला. खांद्यापासून खूण होती तीन इंचांवर. पाच हवी तिथे तीन! माझं डोकं तापलं. मांजरवाल्याला कडक पत्र सांगितलं. तुमचं हत्यार बाहीवर एक बोलतं आणि मुंढ्यावर दुसरं, आमच्या बायकांचा वेळ फुकट गेला, वगैरे. ह्यांनी "खेदाने" हा शब्द घातला.

त्याचं उत्तर तासाभरातच आलं. अगदी शांत. त्यानं माझी फाइल मागवून घेतली होती. एवढंच विचारलं होतं, तुमची रेघ कुठून सुरू होते?

नातीनं काहीतरी दाबलं तसे रेघांवर बारीक बाण दिसायला लागले. बाहीवरचे बाण वरून खाली. मुंढ्यावरचे सगळे खालून वर, काखेकडून खांद्याकडे. कारण माऊस खालून वर ढकलताना माझा हात कमी थरथरतो, म्हणून मुंढे मी तसेच काढलेले. त्याच्या हत्यारानं रेघ जिथून सुरू झाली तिथून पाच इंच मोजले होते, काखेपासून. आठातून पाच गेले, खांद्यापासून राहिले तीन. हत्यार एकच बोलत होतं. मी अर्जात लिहिलं होतं "खांद्यापासून". शिवणाऱ्या माणसाला मुंढा म्हटला की खांदा सांगावाच लागत नाही. त्या बिचाऱ्या मशीनला खांदा कुठला, काख कुठली, कोण सांगणार?

ह्यांनी चष्मा काढला. "अर्जातच त्रुटी. कचेरीत असतो तर मी शेरा मारून परत पाठवला असता."

"अर्ज लिहिला कुणी?"

"मजकूर अर्जदाराचा. लेखनिक जबाबदार नसतो."

मी मांजरवाल्याला माफी लिहिली. ती मात्र ह्यांना लिहू दिली नाही, मीच सांगितली आणि नातीनं मराठीतूनच आधी लिहून घेतली. त्याबरोबर ब्लाउजचं एक चित्र काढून पाठवलं, त्यावर बाण दाखवून खांदा, काख, पुढा, पाठ, सगळं. तो म्हणाला, रेघ उलटी करायची सोय तशी मेनूमध्ये आहे, पण नुसतं बघून कुणालाच रेघेचं टोक ओळखता येत नाही, तेव्हा दोष अर्धा माझा. दुसऱ्याच दिवशी नवी फाइल आली. चौकटीत आणखी एक ओळ वाढली होती, कुठल्या टोकापासून मोजायचं ते निवडायला. आणि एक टोक निवडलं की तिथे रेघेवर एक लाल ठिपका दिसायचा. लाल ठिपका खांद्यावर दिसला की मी निश्चिंत.

ह्या वेळी एकही रेघ दोऱ्याशिवाय सोडली नाही. पुढा, पाठ, दोन्ही बाह्या. दोरा बसवायला नातीची बोटं घेतली. ती कंटाळली, फोनकडे बघायला लागली, तरी सोडली नाही. पाच म्हणजे पाच, बाहीवर पाच आणि दोन सूत. छत्तीसचा ड्राफ्ट सकाळी अकराला धायरीला गेला आणि मी जेवले नाही. ह्यांनी आमटी-भात वाढून समोर ठेवला, तो गार झाला. साडेतीनला फोन वाजला.

पलीकडून आधी मशीनचे आवाज आले. मग विद्यार्थिनी म्हणाली, "बाई, बसली."

"फुगा?"

"फुगा नाही. चुणी नाही. ह्या वणीवालीनंच घालून दाखवला, हात वर केला, मागे नेला, फळीवरचा डबासुद्धा काढला. बसली बाई. तुमचीच बाही."

मागून वणीकडचा आवाज आला, "ह्या वक्ती खुणेशी भांडाचं काही कामच नाही पडलं जी बाई!"

मी म्हटलं, "पुढची कुठली साइज देऊ?"

"अडतीस. आणि बाई, तयार पॅटर्नवाल्याला मी नको म्हणून कळवलंय. सकाळीच."

"सकाळीच? अगं, बाही तर आत्ता बसली!"

"ती बसणारच होती ना," ती म्हणाली आणि फोन ठेवला.

मी गार आमटी-भात तसाच खाल्ला, फार गोड लागला. मग लॅपटॉप उघडला, अडतीसचा मुंढा घेतला, लाल ठिपका खांद्यावर आहे ना ते दोनदा पाहिलं आणि चौकटीत पाच लिहायला गेले. बोट थरथरलं, पंचावन्न झाले. पलीकडून हे वाकून बघत होते. म्हणाले, "पंचावन्न इंच? कुणाची बाही म्हणायची ही?"

मी एक पाच खोडला आणि बटण दाबलं.